ज्युनियर

पाचशे एकोणनव्वद.
बँकेतल्या बाईनं आकडा उच्चारला नाही.
चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी पालथी केली, सरकवली,
बैलबाजारात रुमालाखाली भाव कळवतात तशी.
म्हणाली, थंडी सरू दे, मग अर्ज करा.

डुलुथला थंडी सरत नाही,
कंटाळून कधीतरी उठून जाते.

आर्विड सोरेन्सन काउंटीचा बर्फ-नांगर चालवतो.
पहाटे तीनपासून
दुसऱ्यांच्या दारापर्यंतचे रस्ते मोकळे करतो.
मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते.
जिन्यात तो टोपी हातात घेऊन उभा:
प्रिंटर आहे का तुमच्याकडे?

एकतीस पानं निघाली. त्याचा पतअहवाल.
सुरुवातीला नुसते पत्ते.
हीटर बंद पडलेलं तळघर,
गॅरेजवरची खोली, जिथे सिग्नी रांगायला शिकली,
आणि एक असा, जिथे तो कधी राहिलाच नाही:
लेकव्ह्यू वृद्धाश्रम, खोली अठ्ठावीस.
"हे बाबांचं," तो म्हणाला.
बाबांचं नावही आर्विड सोरेन्सन.
तिकडच्या संगणकाला ज्युनियर दिसलाच नव्हता.

त्याची स्वतःची पापंही होती, नाही असं नाही.
तीन हजारांच्या कार्डावर दोन हजार नऊशे चाळीस.
मरीटच्या ऑपरेशनच्या महिन्यात चुकलेले दोन हप्ते.
मरीट शाळेच्या स्वयंपाकघरात पाचशे मुलांचं जेवण मोजून रांधते,
तिनं या कार्डालाही तसंच हाताशी धरलं:
दर शुक्रवारी थोडं, आणि थोडं.
सोफा नको. नवा फोन नको.
जुनं कार्ड फेडायचं, पण बंद करायचं नाही,
जुनी ओळख राहू द्यावी.

अडलं ते सतराव्या पानावर.
बोटीचं इंजिन, पंधरा अश्वशक्ती,
दोन हजार एकशे चाळीस डॉलर, थकीत.
घेणारा आर्विड सोरेन्सन. वारला त्याला पाच वर्षं झाली.

अर्जात एक चौकोन होता: हे खातं माझं नाही.
त्यानं पेन टेकवलं, उचललं.
"दोरी मी ओढायचो," म्हणाला,
"त्यांचा खांदा गेला होता ना."

आमच्याकडे एकच शब्द आहे, पत.
बँकेत तोच, चारचौघांत तोच.
मला सांगावंसं वाटलं त्याला,
आणि ती म्हणही, करून गेला गाव, कांदळकराचं नाव.
पण कांदळकराला इंग्रजीत कसं न्यायचं?
मी नुसती म्हटलं, कॉफी घेणार?

कॉफी निवाली. त्यानं खूण केली.
मग वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती काढल्या.
प्रिंटरमधून एकेक बाहेर आली, गरम,
तिन्हींवर त्याचंच नाव.

दोन कंपन्यांनी महिन्यात नोंद पुसली.
तिसरीला पुन्हा पुरावा हवा होता
की माणूस खरंच मेला आहे.
त्या रात्री खालून आवाज आला, काहीतरी फुटलं.
सकाळी मरीटनं काचा भरल्या, काही बोलली नाही.
दाखला पुन्हा गेला, रजिस्टर्ड टपालानं.

एप्रिलच्या शेवटी सहाशे शहाण्णव.
या वेळी चिठ्ठी पालथी नव्हती.
अर्जाच्या प्रत्येक पानावर त्यानं सही केली,
प्रत्येक सहीनंतर ज्युनियर लिहिलं, ठळक,
बाई म्हणाली, एवढं जोरात नको, खालच्या पानावर उमटतंय.

शनिवारी अंगणात निळं पिंप दिसलं, पाण्यानं काठोकाठ,
आणि त्यावर टांगलेलं ते इंजिन.
खातं त्याचं नव्हतं.
इंजिन मात्र पाच हिवाळे त्याच्याच शेडमध्ये होतं, ब्लँकेटखाली.
सिग्नीनं दोरी ओढली. नाही.
पुन्हा. नाही.
त्यानं तिच्या हातावर हात ठेवला नाही,
फक्त म्हणाला, खांदा सांभाळ.

चौथ्यांदा पिंपातलं पाणी उसळून
दोघांच्याही बुटांत गेलं.